जीपचे शॉकअप आणि परतीचा रस्ता

जुनी जीप बाळगणाऱ्या माणसांची एक वेगळीच जमात असते. लग्नाच्या मांडवाबाहेर, पंपावर, घाटमाथ्यावरच्या चहाच्या टपरीवर, कुठेही दोन जीपवाले भेटले की नाव-गाव विचारायच्या आधी एकमेकांच्या गाडीखाली वाकून बघतात. पुढचे प्रश्न ठरलेले. "टायर कुठले?" आणि "शॉकअप कुठल्या कंपनीचे?" पहिल्या प्रश्नावर माझं फारसं काही म्हणणं नाही. दुसऱ्यावर मात्र आहे, आणि ते इतक्यांदा तोंडी सांगून झालंय की एकदाचं लिहूनच टाकावं म्हटलं.

जीपची उंची वाढवली, पाटे बदलले, मोठे टायर घातले की शॉकअप बदलावेच लागतात, याबद्दल वाद नाही. पण कंपनी हा तिसरा प्रश्न झाला. पहिला प्रश्न, किती लांब? दुसरा, किती वजनाच्या गाडीसाठी बनवलेले? आणि आपल्याकडे बहुतेक जण शॉकअप निवडतात ते दगडधोंड्यांतल्या त्या दोन तासांसाठी. निवडायला हवेत ते संध्याकाळी घरी येताना लागणाऱ्या डांबरी रस्त्यासाठी. उलटं वाटतंय ना? सांगतो.

मुळात नावातच घोळ आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बर म्हणजे धक्का शोषणारा. (आपल्या गॅरेजांत त्याचा 'शॉकअप' झाला, काही ठिकाणी 'शॉकअप्सर'. मला शॉकअप आवडतो, तोच वापरतो.) पण धक्का खातात टायर आणि पाटे. शॉकअपचं काम त्यानंतर सुरू होतं. झोपाळ्यावर बसून जोरात झोका घेतलात आणि मग थांबायचं असेल तर काय करता? पाय जमिनीला घासता. शॉकअप म्हणजे तो घासणारा पाय. पाटा दबला, मग उसळला, मग परत दबणार, परत उसळणार... हे जे डोलणं आहे ते एका दमात थांबवणं एवढंच त्याचं काम. आत तेल असतं, पिस्टनला बारीक भोकं आणि झडपा असतात, तेल त्यातून रेटलं जातं आणि डोलण्यातली ताकद उष्णता होऊन बाहेर पडते. खडबडीत रस्त्यावर तासभर गाडी हाणून झाल्यावर शॉकअपला हात लावून पाहा. (जपून.) चांगला असेल तर तापलेला लागेल. चारातला एकच गार असेल तर तो गेला.

इंग्लंडात या वस्तूला 'डॅम्पर' म्हणतात. ते जास्त खरं नाव आहे. आपण शॉकअप म्हणतो आणि मग गाडी आदळते म्हणून शॉकअपला शिव्या घालतो. पुष्कळदा दोष पाट्यांचा असतो, आणि त्याहून जास्त वेळा टायरमधल्या हवेचा. कच्च्या रस्त्याला लागताना हवा थोडी कमी केली तर जो फरक पडतो तो फुकटात पडतो. हे करून न बघता शॉकअपची जोडी विकत घेणाऱ्या माणसाला काय म्हणावं, ते तुमच्यावर सोडतो.

आता जुन्या जीपची एक गंमत. चारी चाकांना पाट्यांची कमान, एकावर एक रचलेली. गाडी वरखाली होते तेव्हा हे पाटे एकमेकांवर घासतात, आणि हे घासणंही डोलणं थांबवतं. म्हणजे जीपला शॉकअपशिवायही एक लगाम असतोच, गंजलेला, ओबडधोबड, पण असतो. म्हणूनच गावाकडे शॉकअपची फक्त नळकांडी उरलेल्या जीपा वर्षानुवर्षं माणसं कोंबून चालल्या. त्यावरून "जीपला शॉकअप लागतंच नाही" असं ठामपणे सांगणारे ड्रायव्हर मी पाहिलेत. त्यांच्या गाडीपुरतं ते अगदीच खोटंही नव्हतं.

पण आपण बदल करतो म्हणजे काय करतो? गाडी मऊ व्हावी म्हणून एखादा पाटा काढतो. किंवा पाट्यांच्या टोकांना प्लास्टिकच्या चकत्या घालतो. किंवा सगळी कमानच काढून दोन-तीन लांब, मधे जाड आणि टोकाला पातळ होत जाणारे पॅराबोलिक पाटे बसवतो. प्रत्येक वेळी गाडी मऊ होते कारण घासणं कमी होतं. म्हणजे तो फुकटचा लगाम आपण स्वतःच्या हाताने सोडलेला असतो. त्या लगामाचं काम आता कुणीतरी करायला हवं. मूळचा शॉकअप कंपनीने घासणाऱ्या पाट्यांचा हिशोब धरून दिलेला होता, तो इथे तोकडा पडतो. त्यात मोठे टायर. मोठा टायर म्हणजे जड टायर, बरोबर जड रिम. हे सगळं वजन पाट्याच्या खाली, अ‍ॅक्सलवर लटकलेलं, खड्ड्यात गेलं की पाट्याला ओढणारं आणि वर आलं की हापटणारं. त्यालाही आवर घालायचा तो शॉकअपनेच.

माझी जीप डिझेल, पाट्यांवरची, पुढे-मागे दोन्ही अ‍ॅक्सल अखंड. नवे पाटे घालून साधारण दोन इंच उंच केलेली, टायर मूळपेक्षा एक माप मोठे. पुण्यात राहतो, त्यामुळे वेल्हे, मुळशी, भोर, वरंधा हे नेहमीचं. मागे आडवे बाक आहेत आणि त्यातल्या एकावर आई बसते. आईला जीप आवडते, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्हाला वाटेल मी तिला कोंबून नेतो. पण सत्तरी ओलांडलेल्या बाईला मागच्या चाकाच्या बरोबर वर बसवून तुम्ही गाडी चालवत असाल तर 'शॉकअप' या विषयाकडे बघायची नजर बदलते. हाऊस म्हणून सुरू केलेलं काम हिशोबाचं होतं.

पाटे बदलल्यावर जीप दिसायला झकास झाली, आणि चालायला भीतीदायक. साठच्या वर गेलं की पुलाच्या सांध्यावर मागचा भाग उडायचा, खाली यायचा, आणि मग आणखी दोनदा उगाच मान हलवायचा. मिस्त्रींना दाखवली. हे मिस्त्री म्हणजे माझ्याहून पंधराएक वर्षांनी मोठे, मी त्यांना मामा म्हणतो आणि ते मला साहेब म्हणतात.

"मामा, कुठले शॉकअप घेऊ?"

"साहेब, आधी आहेत ते काढू. मग सांगतो."

मला वाटतं संपूर्ण विषय या एका उत्तरात आहे, आणि त्या उत्तरासाठी त्यांना मी कधी पैसे दिलेले नाहीत.

आम्ही मागचे दोन्ही शॉकअप काढले. मग डावं मागचं चाक जॅक आणि लाकडी ओंडके लावून इतकं वर उचललं की अ‍ॅक्सल चासीखालच्या बंप स्टॉपच्या रबरी ठोकळ्याला टेकला, आणि उजवं चाक खड्ड्यात लोंबकळू दिलं. दोन्ही चाकं एकदम हवेत लोंबवून मोजलेलं पुरत नाही हे इथे कळतं. एक बाजू दाबली की दुसरी आणखी खाली जाते, आणि डोंगरात गाडी नेमकी अशीच तिरपी होते. शॉकअप जिथे बसतो त्या वरच्या बोल्टपासून खालच्या बोल्टपर्यंत मेजरिंग टेप धरली. सपाट जमिनीवर उभी असताना ४४० मिलिमीटर. ठोकळ्याला टेकल्यावर ३४५. तो ठोकळा रबरी, जोरात आदळला की आणखी वीसेक मिलिमीटर दबणार, म्हणजे ३२५. पूर्ण लोंबल्यावर ५३५.

आता काढलेला मूळ शॉकअप मोजला. पूर्ण मिटलेला २९०, पूर्ण ताणलेला ४८०. म्हणजे गाडी सपाटीवर उभी असताना हा शॉकअप खालच्या बाजूला फक्त ४० मिलिमीटर उघडू शकत होता. पाट्यांना मात्र ९५ मिलिमीटर खाली जायचं होतं. मधल्या ५५ मिलिमीटरचं काय व्हायचं? तर चाक, टायर आणि अ‍ॅक्सल यांचं सगळं वजन शॉकअपच्या दोन बोल्टांना आणि आतल्या दांड्याला लटकायचं. प्रत्येक मोठ्या खड्ड्यात. शॉकअपचा दोरखंड झाला होता.

हे फक्त पुस्तकी वाटू नये म्हणून एका मित्राची हकिगत. त्याने लांब शॅकल घालून जीप तीन इंच उचलली, शॉकअप मूळचेच ठेवले. "चालतात की!" चाललेही, एक पावसाळाभर. मग एकदा वरंध घाट उतरताना मागे काहीतरी खडखडायला लागलं, आणि दोन वळणांनंतर ब्रेकचा पाय खोल जायला लागला. खालच्या बाजूची शॉकअपची पट्टी वेल्डिंगपासून तुटली होती, सुटलेला शॉकअप लोंबकळत अ‍ॅक्सलवरच्या ब्रेकच्या पाइपवर आपटत होता, आणि पाइप चेपून फुटला होता. गाडी पहिल्या गिअरमधे, हातब्रेक ओढत, डोंगराच्या बाजूला घासून थांबवली. गाडीत चौघं होते, त्यात दोन लहान मुलं. कुणाला काही झालं नाही. त्या पट्टीची किंमत शंभर-दोनशे रुपये असेल नसेल.

तर लांब शॉकअप घ्यावा, हे झालं अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं बहुतेक जण विसरतात. लांब शॉकअप मिटतोही कमी. ताणल्यावर ५८० भरणारा एक देखणा जोड मला नाना पेठेत दाखवला होता, पण तो मिटल्यावर ३६० चा. माझ्या गाडीत जागा उरते ३२५. म्हणजे खड्ड्यात आदळल्यावर रबरी ठोकळ्याआधी शॉकअपच आपटणार, धातूवर धातू. असा शॉकअप आठवड्यात मरतो, आणि मरताना वरची पट्टी घेऊन जातो. तोकडा शॉकअप ताणून मारतो, लांब शॉकअप ठोकून मारतो. मधला शोधायचा.

मला शेवटी जो मिळाला तो एका देशी एसयूव्हीचा मागचा शॉकअप. मिटलेला ३३०, ताणलेला ५४०. ताणायला बरोबर, मिटायला पाच मिलिमीटर जास्त. मामांनी रबरी ठोकळ्याच्या वर २० मिलिमीटरचा लोखंडी तुकडा बोल्टने बसवला, म्हणजे अ‍ॅक्सल तेवढा आधी थांबणार. आता पूर्ण दबल्यावरही ३४५ उरतात आणि शॉकअपला पंधरा मिलिमीटरची मोकळीक राहते. चाकाचा वर जायचा प्रवास थोडा कमी झाला, तो मी आनंदाने दिला. नाहीतरी मोठा टायर तिथे मडगार्डला घासतच होता.

गाडीचं नाव मुद्दाम सांगत नाही. सांगितलं की तुम्ही मोजणार नाही, सरळ दुकानात जाल. :) तुमचे पाटे वेगळे, शॅकल वेगळा, तुमच्या आधीच्या मालकाने कुठे काय वेल्डिंग करून ठेवलंय ते देव जाणे. दोन 'सारख्या' जुन्या जीपांची मापं सारखी आलेली मी तरी अजून पाहिली नाहीत.

आणि हो, लांबी जुळली की लगेच खूष व्हायचं नाही. शॉकअप जास्त उघडू लागला म्हणजे अ‍ॅक्सल जास्त खाली जाणार. मग पुढचं तोकडं काय, ते बघायचं. बहुतेक वेळा ती चासीपासून अ‍ॅक्सलवर येणारी ब्रेकची रबरी नळी असते. माझ्या गाडीत पूर्ण लोंबल्यावर ती वीणेच्या तारेसारखी ताणली होती. ती बदलून, दोन्ही टोकांना तेच आटे असलेली लांब नळी घातली. त्यानंतर प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा: तो किती बाहेर येतोय, आत किती उरतोय. हे दोन्ही बघितल्याशिवाय लांब शॉकअप बसवणं म्हणजे दाराची साखळी काढून टाकणं आहे.

आता येऊ कंपनी, रंग आणि स्टिकर यांच्याकडे. बाजारात दोन जाती. एकात दुहेरी नळी: आतल्या नळीत पिस्टन, बाहेरच्या नळीत जादा तेल, वर थोडी हवा किंवा कमी दाबाचा नायट्रोजन. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांना कंपनीतून येतात ते हे. सतत हिंदकळून तेलात फेस झाला की यांचा जोर कमी होतो. दुसऱ्या जातीत एकच नळी, तळाशी सरकता पिस्टन आणि त्यामागे जबर दाबाचा नायट्रोजन, त्यामुळे तेलाला फेस येत नाही. द कार्बों नावाच्या फ्रेंच संशोधकाची ही कल्पना, जर्मनीच्या बिलस्टाइनने ती १९५० च्या दशकात कारखान्यात आणली. एकच भिंत असल्याने तो लवकर थंडही होतो. उत्तम वस्तू आहे, वाद नाही. पण त्याच एका भिंतीच्या आतल्या बाजूवर पिस्टन फिरतो. दगड लागून भिंतीला पोचा आला की पिस्टन तिथेच अडकला. दुहेरी नळीत बाहेरची भिंत मार खाते, आतली वाचते. शिवाय वायूच्या कप्प्याला जागा लागते, म्हणून मिटलेली लांबी तेवढीच धरली तर प्रवास कमी मिळतो. शॉकअप अ‍ॅक्सलच्या खालच्या अंगाला, दगडाच्या वाटेत येत असेल तर या गोष्टींना किंमत आहे.

त्याहून वरची पायरी म्हणजे बाजूला वेगळी टाकी असलेले शॉकअप. रबरी नळीने जोडलेली चकाकती टाकी. ती जास्तीचं तेल आणि वायू ठेवायला, म्हणजेच उष्णता वाहून न्यायला. ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात शेकडो किलोमीटर पत्र्यासारखे लाटालाटांचे मातीचे रस्ते आहेत, तिथे ऐंशी-नव्वदच्या वेगाने तासन्‌तास जावं लागतं, तिथे शॉकअप उकळतात. आपल्याकडे स्पितीत, लडाखच्या चांगथांगात असे पट्टे आहेत. दरवर्षी तिकडे जात असाल तर जरूर घ्या. पण वेल्ह्याच्या पुढे चिखलात आणि दगडांत आपण पाच-सातच्या वेगाने सरपटतो. तिथे कसली उष्णता? गोव्यात २०१४ साली सुरू झालेल्या रेनफॉरेस्ट चॅलेंजसारख्या स्पर्धांचे फोटो बघून आपण त्या गाड्यांवरच्या वस्तूंची यादी करतो. त्या गाड्या अशा खडतर स्पर्धेसाठीच बांधलेल्या असतात. मागच्या बाकावर आई बसलेली नसते.

आणि हाच तो उलटा वाटणारा मुद्दा. शॉकअपचा जोर पिस्टनच्या वेगावर अवलंबून असतो. हळू ढकलला तर तो जवळजवळ विरोध करत नाही, झटक्यात ढकलला तर भिंतीसारखा उभा राहतो. (हातपंप हळू आणि जोरात दाबून बघा.) दगडावर चाक चढायला एक-दोन सेकंद घेतं. तेवढ्या संथ हालचालीत महागडा काय आणि साधा काय, फारसा फरक जाणवूच शकत नाही. तिथे फक्त लांबी महत्त्वाची, म्हणजे चाक जमिनीला टेकतंय की हवेत लोंबकळतंय. डांबरी रस्त्यावर ऐंशीला गाडी सेकंदाला बावीस मीटर जाते. पुलाचा सांधा येतो आणि जातो, चाकाला वर जाऊन खाली यायला डोळ्याची पापणी लवेल एवढाच वेळ. जड टायर लावलेला अ‍ॅक्सल सेकंदाला दहाएक वेळा थरथरू शकतो, आणि जेव्हा थरथरतो तेव्हा अर्धा वेळ टायरचा जमिनीवर नीट दाब नसतो. त्याच क्षणी समोरून एसटी आली आणि ब्रेक दाबला तर? उंच केलेली, अरुंद, वरच्या अंगाला जड अशी जीप. शॉकअपची खरी परीक्षा इथे आहे. दगडांत तो नापास झाला तर फार तर टायर फिरत बसेल आणि आपण दोरी बांधून ओढू.

म्हणून वजनाचा प्रश्न. "पिकअपचे घाल, जबरदस्त असतात," हा सल्ला तुम्हाला दहातले आठ जण देतील. पिकअपचा मागचा शॉकअप टनभर माल भरल्यावर कडक पाट्यांना आवरायला केलेला असतो. तो माझ्या रिकाम्या जीपच्या मऊ पाट्यांवर घातला तर काय होईल? खड्ड्यात पाटा दबेल, पण शॉकअप त्याला लवकर उघडू देणार नाही. पूर्ण उघडायच्या आत पुढचा खड्डा, पाटा आणखी दबणार. मग तिसरा. गाडी हळूहळू खाली बसत जाते आणि शेवटी ठोकळ्यावर आदळत चालते. आणि मालक म्हणतो, पाटे फार मऊ आहेत, एक वाढवू! जास्त कडक म्हणजे जास्त चांगला, हा आपल्याकडचा फार जुना गैरसमज आहे, आणि माझ्या मते गेलेल्या शॉकअपइतकाच वाईट. मापात बसणाऱ्यांपैकी ज्या मूळ गाडीचं मागच्या चाकांवरचं वजन आपल्या भरलेल्या जीपच्या जवळ जातं, तिचा घ्यायचा.

तिरपेपणाही बघायचा. जागा नाही म्हणून शॉकअप आडवा-तिडवा बसवलेल्या जीपा दिसतात. उभ्या रेषेपासून तीस अंश कलला तर चाकापाशी त्याचा साधारण पाऊण जोर उरतो. पंचेचाळीस अंशाला निम्मा. म्हणजे महागातला घेऊन आडवा बसवला, तर स्वस्तातला उभा बसवलेला त्याच्याहून बरा.

जिप्सीवाल्यांना यातलं बरंचसं लागू आहे. १९८५ साली आलेली ती गाडीही चारी बाजूंनी पाट्यांवरची, आणि वजनाला हलकी, त्यामुळे कडकपणाची तक्रार तिच्यात आणखी. २०१० च्या थारमधे, डिझेल सीआरडीईत, पुढे टॉर्शन बार होता, आणि तो पिळून पुढची उंची वाढवायची टूम निघाली. पिळून उंची वाढते खरी, पण चाकाचा एकूण प्रवास तेवढाच राहतो. वर मिळालेलं खालून गेलेलं असतं. २०२० च्या थारला चारी चाकांना कॉइल स्प्रिंग, तिचं गणित अगदी वेगळं, आणि त्यात माझा हात नाही, म्हणून गप्प बसतो.

कायद्याचंही एक वाक्य. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमावर सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९ चा निकाल आहे, की कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत असा बदल गाडीत करता येत नाही. खराब शॉकअप काढून दुसरा चांगला घालणं ही एक गोष्ट, आणि गाडी फूटभर उचलून जत्रेतला पाळणा करणं ही दुसरी. उंची आणि टायरच्या बाबतीत आधी आरटीओत आणि विमावाल्याकडे चौकशी करा. अपघातानंतर ती चौकशी दुसरंच कुणीतरी करतं.

तर माझे शॉकअप बसले. नव्याच्या डोळ्यातली नळी १४ मिलिमीटरची, जीपचा बोल्ट १२ चा. मधली फट भरायला सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळायची आपल्याकडे रीत आहे. तसं करू नका. मामांनी शेजारच्या लेथवर पोलादी नळ्या करून घेतल्या, चार नळ्यांचे पैसे दोन वडापाव आणि चहाएवढे झाले. एकूण खर्च आयात केलेल्या एका जोडीच्या कितीतरी खाली राहिला.

पुलाच्या सांध्यावर आता मागचा भाग एकदा दबतो, उठतो आणि गप्प बसतो. दगडांत काही विशेष फरक कळत नाही, फक्त चाक पूर्वीपेक्षा जास्त वेळ जमिनीला धरून असतं. आईला मी शॉकअप बदलल्याचं सांगितलं नव्हतं. भोरहून येताना ती मागे झोपली. आडव्या बाकावर, जीपमधे! बायको म्हणाली, "बघ, आई झोपल्यात," आणि मी वेग आणखी कमी केला, जो खरं म्हणजे कमी करायची आता गरज नव्हती.

एक राहिलंच. शॉकअपचे आणि पाट्यांचे बोल्ट गाडी जॅकवर असताना घट्ट आवळू नका. नुसते हातसैल लावा, गाडी जमिनीवर चाकांवर उभी करा, एकदोनदा दाबून हलवा, आणि मग पाना लावा. वर लोंबत असताना आवळलं तर आतलं रबर त्या स्थितीत पकडलं जातं, आणि खाली आल्यावर कायम पिळलेलं राहून महिन्या-दोन महिन्यांत फाटतं. दोन-तीनशे किलोमीटर झाले की पुन्हा एकदा सगळ्यांवर पाना फिरवायचा. माझे तेव्हा डावीकडचा खालचा एक पाव आटा फिरला.